घरासाठी डीजे मिक्सर निवडताना

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये आमच्या वरच्या मजल्यावर सोलापूरचा एक मुलगा भाड्याने राहतो. इथे ट्रेनिंगसाठी आला आणि नोकरीला इथेच राहिला. एका रविवारी तो काखेत भलंमोठं खोकं घेऊन खाली आला. "काकू, मिक्सर आणला, पण पुढचं गाणं हेडफोनमध्ये ऐकूच येत नाही." खोक्यात ऑर्केस्ट्रावाले वापरतात तसला आठ चॅनलचा, माइकला एको देणारा मिक्सर होता. वस्तू चांगली होती, फक्त त्याच्या कामाची नव्हती. त्याने 'मिक्सर' मागितला आणि दुकानदाराने मिक्सर दिला. दुकानदाराने तो परत घेतला नाही. पुढे तो एका भजनी मंडळाने घेतला आणि तिथे त्याचं सोनं झालं. पण पोराचे पैसे आणि दोन महिने गेले ते गेलेच.

आपल्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने सांगते. आपल्याला यातलं काहीच माहीत नाही असं धरून चालू.

आधी फरक लक्षात घेऊ. ऑर्केस्ट्राचा मिक्सर अनेक आवाज एकाच वेळी एकत्र करतो: गायकाचा माइक, ढोलकी, कीबोर्ड. डीजे मिक्सरचं काम वेगळं असतं. एक गाणं लोकांना ऐकू येत असताना दुसरं गाणं आपण आपल्या कानात गुपचूप ऐकतो, जुळवून घेतो आणि योग्य क्षणी पहिल्याच्या जागी आणतो. हे जे आधी ऐकणं, त्याला 'क्यू' म्हणतात. रेडिओच्या स्टुडिओत निवेदक पुढची तबकडी लावून ठेवायचा तेव्हा तेच करायचा. 'आकाशवाणी' हे नाव आपल्या देशाला या म्हैसूरने दिलं. १९३५ मध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी स्वतःच्या घरात रेडिओ केंद्र सुरू केलं, त्याचं हे नाव. घरातल्या एका खोलीतून चांगला आवाज बाहेर काढण्याची या गावाला जुनी सवय आहे.

आता पहिली पायरी. दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि आपल्याकडे गाणी कुठकुठून वाजणार ते लिहा. लॅपटॉप? फोन? पेन ड्राइव्हवर चालणारे प्लेअर? वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर? ही यादी झाली की निम्मी निवड झालीच. बहुतेक माणसं आधी मिक्सर आवडून घेतात आणि मग त्याला काय जोडायचं ते शोधत बसतात. घोटाळा होतो तो इथेच.

यादीत फक्त लॅपटॉप असेल तर मी स्पष्टच सांगते, वेगळा मिक्सर घेऊ नका. आपल्याला हवा तो कंट्रोलर. दोन बाजूंना दोन फिरत्या चकत्या आणि मधे मिक्सरची बटणं अशी ती एक पाटी असते. गाणी लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर वाजवतं, पाटी त्याला फक्त हुकूम देते. साउंड कार्ड, म्हणजे लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाज करून स्पीकर आणि हेडफोनला वेगवेगळा पाठवणारा भाग, बहुतेक पाट्यांमध्ये आतच असतो. पायोनियर डीजेची २०२२ मध्ये आलेली डीडीजे-एफएलएक्स४ ही या प्रकारातली सर्वांना माहीत असलेली पाटी. खूप स्वस्त पाटी घेताना मात्र तिच्यात हेडफोन लावायची जागा आहे का, एवढं बघा.

आमच्या सोलापूरकराच्या यादीत दोन गोष्टी होत्या: एक लॅपटॉप आणि वडिलांनी दिलेला रेकॉर्ड प्लेअर, सोबत नाट्यसंगीताच्या एलपींचा गठ्ठा. जुन्या पदांखाली आजचा इलेक्ट्रॉनिक ठेका लावून बघायचा त्याला ध्यास. अशा माणसाला खरा मिक्सरच लागतो.

दुसरी पायरी चॅनलची. चॅनल म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या एका आवाजाची मिक्सरवरची उभी पट्टी: वर गेन, खाली तीन बटणं, तळाला फेडर. ही सगळी चौथ्या पायरीत उलगडू. घरासाठी दोन चॅनल पुरतात. चार चॅनल दिसायला रुबाबदार, पण शिकणाऱ्याचे हात दोन आणि कान दोन. जे पैसे तिसऱ्या-चौथ्या चॅनलवर जातील ते हेडफोनवर घाला. मोजताना फसू नका. मागे चार जोड्या भोकं आहेत म्हणजे चार चॅनल नव्हेत. एकाच चॅनलला दोन वस्तू जोडून बटणाने अदलाबदल करता यावी म्हणून ती दिलेली असतात. काही कंपन्या मधला मार्ग काढतात. ॲलन अँड हीथच्या झोन २३ वर चॅनल दोनच, पण प्रत्येकाला जास्तीची एक वस्तू वेगळ्या बटणाने मिसळता येते.

तिसरी पायरी मिक्सर उलटा करून पाठीमागे बघण्याची. इथे सावकाश जाऊ, कारण मला विचारायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाडी इथेच अडलेली असते.

मागे लाल-पांढऱ्या गोल खोबण्यांच्या जोड्या दिसतील. त्यांना आरसीए म्हणतात. काहींवर 'लाइन' लिहिलेलं असतं, काहींवर 'फोनो'. दिसायला दोन्ही सारख्या, आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. लाइन ही फोन, लॅपटॉप, सीडी प्लेअर यांच्या तयार आवाजासाठी. फोनो ही तबकडीच्या सुईसाठी. सुईतून येणारा विजेचा संकेत इवलासा असतो, सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट. सीडी प्लेअरचा १ ते २ व्होल्टपर्यंत जातो. म्हणजे काही शे पटींचा फरक.

फरक फक्त जोराचा नाही. तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम कमी आणि वरचे स्वर जास्त करून कोरतात, नाहीतर खर्जाची खोबण इतकी रुंद होईल की तबकडीवर गाणी मावणार नाहीत. वाजवताना हे सगळं उलटं करून घ्यावं लागतं. यासाठीचा नियम अमेरिकेत १९५४ मध्ये ठरला, त्याला आरआयएए म्हणतात. फोनोच्या खोबणीमागे हे उलटं करणारं सर्किट असतं.

म्हणून रेकॉर्ड प्लेअर चुकून लाइनला जोडला तर आवाज दूर कुठे तरी पत्र्याच्या डब्यात चालल्यासारखा येतो, बारीक आणि चिरका. उलट फोन चुकून फोनोला जोडला तर फाटका, घुमणारा, कानाला त्रास देणारा. आवाज असा आला की मिक्सर बिघडला म्हणून दुकानात धावू नका. आधी मागची जोडणी बघा, आणि वर लाइन-फोनोचं बटण असेल तर तेही.

तिसरी एक गोम आहे. आजकालच्या पुष्कळ रेकॉर्ड प्लेअरमध्ये हे सर्किट आतच दिलेलं असतं आणि पाठीमागे चालू-बंदची खटकी असते. ती चालू ठेवून फोनोला जोडलं तर तेच काम दोनदा होतं आणि आवाज फाटतो. एकच ठेवा: आतलं चालू तर मिक्सरची लाइन, आतलं बंद तर फोनो. आणखी जुन्या घरगुती प्लेअरमध्ये सिरॅमिक सुई असते. ती मुळातच जोरदार संकेत देते, तिला फोनो नकोच.

जुन्या तबकड्यांचा विषय निघालाच आहे तर म्हैसूरची एक आठवण सांगते. इथले महाराज जयचामराजेंद्र वाडियार पाश्चात्त्य संगीताचे जाणकार आणि तबकड्यांचे मोठे संग्राहक होते. १९४८ मध्ये त्यांच्याच पैशातून लंडनमध्ये मेड्टनर सोसायटी उभी राहिली आणि रशियन रचनाकार निकोलाय मेड्टनर यांच्या संगीताच्या तबकड्या एचएमव्हीने काढल्या. त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या. आपल्याकडेही आजोबांच्या काळातल्या तसल्या तबकड्या असतील तर त्या डीजेच्या सुईखाली ठेवू नका. त्यांची खोबण रुंद, जवळजवळ तिप्पट जाड सुई मागणारी. बारीक सुई तळाशी घासत जाते, खरखर वाढते आणि सुईही जाते. शिवाय डीजेच्या अनेक टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर, ७८ चा वेग नसतोच. एलपी खुशाल वाजवा, लाखेच्या तबकड्या वेगळ्या सुईसाठी राखून ठेवा.

फोनोच्या शेजारी एक छोटा स्क्रू दिसेल. टर्नटेबलमधून आरसीएच्या जोडीला एक बारीक वायर लोंबत असते, ती या स्क्रूखाली कसायची. ती अर्थची वायर. ती मोकळी राहिली की स्पीकरमधून सतत 'हूं' असा आवाज येत राहतो. सोलापूरकराने ती वायर 'कसली तरी जास्तीची' म्हणून गुंडाळून चिकटपट्टीने बांधून ठेवली होती. ती सोडवून स्क्रूखाली घातली आणि खोली एकदम शांत झाली.

चौथी पायरी मिक्सरच्या तोंडाची. सगळ्यात वर गेन. गेन म्हणजे आत येणाऱ्या आवाजाचा नळ. जुनी एलपी हळू वाजते, आजचं गाणं जोरात. दोघांना एका पातळीवर आणणं हे गेनचं काम. गाण्याचा सर्वात मोठ्या आवाजाचा भाग लावा आणि दिव्यांकडे बघत गेन वाढवा. हिरवे लागले, अधूनमधून पिवळा चमकला, इथे थांबा. लाल लागला की मागे या. लाल म्हणजे आवाज मोठा नव्हे, फाटलेला. घेतानाच असा मिक्सर बघा ज्यावर प्रत्येक चॅनलला दिव्यांची स्वतंत्र रांग आहे. दोघांत मिळून एकच रांग असली तर कोण कमी, कोण जास्त हे कानानेच ओळखावं लागतं, आणि नव्या कानाला ते कठीण जातं.

त्याखाली ईक्यूची तीन बटणं: वरचे स्वर, मधले स्वर, खर्ज. यातलं खर्जाचं बटण सगळ्यात कामाचं. पदामागचा तबल्याचा डग्गा आणि आपण खाली लावलेला इलेक्ट्रॉनिक ढोल दोन्ही एकदम घुमले तर चिखल होतो, काहीच नीट ऐकू येत नाही. म्हणून नवं गाणं आणताना त्याचा खर्ज पूर्ण काढून ठेवतात आणि योग्य मात्रेवर जुन्याचा काढून नव्याचा देतात. दुकानात हीच चाचणी करा. खर्जाचं बटण डावीकडे पूर्ण फिरवा. खर्ज नाहीसा होतो का नुसता दबतो? नाहीसा होणारा घ्या. बटण मध्यावर आलं की बोटाला बारीकशी टिचकी लागली पाहिजे. अंधारात मध्य सापडतो तो त्या टिचकीनेच.

मग फेडर, म्हणजे सरकपट्ट्या. प्रत्येक चॅनलची एक उभी, आणि खाली आडवा क्रॉसफेडर, जो एका चॅनलकडून दुसऱ्याकडे नेतो. अमेरिकेतल्या बोझाक कंपनीने १९७१ मध्ये डिस्कोसाठी मिक्सर काढला त्यावर सरकपट्ट्या नव्हत्या, सगळ्या फिरवायच्या गुंड्या. क्रॉसफेडर नंतर आला, आणि आज मिक्सरमधला सर्वात आधी झिजणारा भाग हाच. स्वस्त फेडरमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूचं टोक घासत असतं. धूळ बसली की खरखर सुरू. महाग मिक्सरमध्ये चुंबकावर चालणारे, न घासणारे फेडर येतात. स्क्रॅच करायचं असेल, म्हणजे तबकडी हाताने मागेपुढे करून आवाज काढायचा असेल, तर ते घ्या. नुसती गाणी जोडायची असतील तर साधा चालतो, फक्त तो बदलता येतो का आणि सुटा मिळतो का हे विचारून ठेवा.

फेडरची परीक्षा सोपी आहे. गाणं हळू आवाजात लावा आणि क्रॉसफेडर सावकाश या टोकापासून त्या टोकाला न्या. खरखर नको, मधेच आवाज तुटायला नको. पूर्ण पलीकडे नेल्यावर आधीचं गाणं थेंबभरही झिरपायला नको. आणि घरी गेल्यावर एका चॅनलचा आवाज अजिबात येईना झाला तर सगळ्यात आधी क्रॉसफेडर बघा. दहातल्या सात वेळा तो दुसऱ्या टोकाला राहिलेला असतो.

पाचवी पायरी हेडफोनची, आणि माझ्या मते मिक्सरचा जीव इथेच आहे. चॅनलवरचं क्यूचं बटण दाबलं की त्या चॅनलचा फेडर खाली असला तरी गाणं हेडफोनमध्ये येतं. बाहेर लोकांना ते ऐकू येत नाही. शेजारी आणखी एक गुंडी असते, क्यू मिक्स. डावीकडे फिरवली की कानात फक्त पुढचं गाणं, उजवीकडे फिरवली की बाहेर वाजणारं, मधे ठेवली की दोन्ही. ही गुंडी नसलेला मिक्सर घरासाठी घेऊ नका. घरात बाहेरचा आवाज कमी ठेवावा लागतो, म्हणून दोन्ही गाणी कानातच जुळवायची वेळ येते.

आमच्या दिवाणखान्यात मी त्या मुलाला हे दाखवलं ते असं. हेडफोनचा एकच कप डाव्या कानावर, उजवा कान उघडा. बाहेर एक ठेका, कानात दुसरा. दोन्ही जुळलेले नसतात तेव्हा टांग्याचा घोडा दुडक्या चालीने निघाल्यासारखं ऐकू येतं: टक-टडक, टक-टडक. म्हैसूरच्या रस्त्यावर टांगे अजून दिसतात, त्यामुळे त्याला ते लगेच कळलं. वेग थोडा कमी-जास्त करत आणला की टापा जवळ येतात, आणि एका क्षणी दोन्हींचा एकच ठोका होतो. तो क्षण त्याच्या चेहऱ्यावर दिसला.

इथे ब्लूटूथचा मोह टाळा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो, साधारण सेकंदाचा दहावा-पाचवा भाग. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो. त्यात एवढा उशीर झाला तर जुळवणार काय? ब्लूटूथ स्पीकरचंही तेच. वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. स्टुडिओसाठीचे २५० ओहमचे हेडफोन लहान मिक्सरवर मुळूमुळू वाजतात. ३२ ते ६४ ओहमचे ठीक. मिक्सरला जाड पिन लागते का बारीक तेही बघा, नाहीतर मोठ्या हौसेने आणलेला हेडफोन एका जोडणीवाचून दिवसभर पडून राहतो.

सहावी पायरी, आवाज बाहेर कसा जाणार. 'मास्टर' म्हणजे मुख्य बाहेरचा रस्ता. घरच्या ॲम्प्लिफायरला आरसीए चालतं. आतच ॲम्प्लिफायर असलेल्या स्टुडिओ स्पीकरना बहुधा एक्सएलआर ही तीन पिनांची गोल जोडणी किंवा जाड पिन लागते. टीव्हीखालच्या साउंडबारला मात्र कित्येकदा एचडीएमआय आणि ऑप्टिकलच असतं, मिक्सरची वायर लावायला जागाच नसते. आधी घरी जाऊन साउंडबारच्या मागे बघा. रेकॉर्डिंगसाठी वेगळा रस्ता असला तर उत्तम. स्वतःचं मिक्स दुसऱ्या दिवशी ऐकल्याइतकं शिकवणारं काही नाही.

चालू करतानाचा क्रम पाठ करा: आधी प्लेअर आणि मिक्सर, शेवटी स्पीकर. बंद करताना उलट, आधी स्पीकर. नाहीतर 'धप्प' असा दणका बसतो आणि एखाद दिवशी स्पीकरचा पडदा जातो. सगळ्यांचे प्लग एकाच बोर्डावर, अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावा. गुणगुण थांबते म्हणून अर्थची पिन तोडून टाकणारे महाभाग आहेत. ते कधीही करू नका, अर्थ आपल्या जिवासाठी असतो.

नात्यातलं कोणी अमेरिकेतून मिक्सर पाठवणार असेल तर प्लग लावण्याआधी मागची पाटी वाचा. '१००–२४० व्होल्ट' असेल तर फक्त पिन बदलून चालेल. '१२० व्होल्ट' एवढंच असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो क्षणात जळेल. त्याला योग्य ताकदीचा ट्रान्सफॉर्मर लागतो.

लॅपटॉप जोडायचा असेल तर यूएसबी आणि आत साउंड कार्ड असलेला मिक्सर घ्या. पायोनियर डीजेच्या डीजेएम-२५०एमके२ आणि डीजेएम-४५० या दोन चॅनलच्या मिक्सरमध्ये ते आहे, आणि फोनोही. जुना मिक्सर स्वस्तात मिळत असेल तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला मिक्सर ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, आपल्या आजच्या विंडोज किंवा मॅकवर चालतो का हे कंपनीच्या संकेतस्थळावर आधी तपासा. इफेक्टची बटणं मात्र निवडीत धरू नका. महिनाभर गंमत वाटते, नंतर एक फिल्टर सोडला तर हात तिकडे जात नाही.

खरेदीला जाताना आपला फोन, आपला हेडफोन आणि रोज ऐकलेली दोन गाणी घेऊन जा. म्हैसूरमध्ये निवड थोडी, त्यामुळे पुष्कळ जण बंगळूरच्या एस. पी. रोडला जातात. मुंबईकर लॅमिंग्टन रोडला. वापरलेला घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक बटण, प्रत्येक खोबण आणि दोन्ही चॅनलचा क्यू स्वतः लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नव्याचं पक्कं बिल घ्या आणि दुरुस्ती भारतात कुठे होते ते विचारा. एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त मिक्सरवर घालू नका. बाकीचे हेडफोन, वायरी आणि स्पीकरला लागतात.

आमच्या सोलापूरकराने शेवटी दोन चॅनलचा, दोन्हीकडे फोनो आणि आत साउंड कार्ड असलेला एक वापरलेला मिक्सर घेतला. वर सुती कापड टाकून ठेवतो, धुळीने फेडर जाऊ नये म्हणून.

राहता राहिले शेजारी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खर्ज भिंतीतून पलीकडे जातो, हे आपल्याला खोलीत बसून कळत नाही. म्हणून दहा वाजले की स्पीकर बंद करा, क्यू मिक्सची गुंडी मध्यावर आणा आणि दोन्ही गाणी हेडफोनमध्येच जुळवा. आमच्या वरचा मुलगा रात्री एकपर्यंत सराव करतो आणि मला आजवर एक ठोका ऐकू आलेला नाही.